‘नाही’ म्हणू शकणारी तपासणी

जुन्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गशिक्षकांचा शेरा’ असा एक अरुंद रकाना असे. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वही अपूर्ण’, ‘धांदरटपणामुळे गुण जातात’ असे चार-पाच शब्द, खाली शिक्षकांची लफ्फेदार सही आणि शेजारी पालकांची. वर्ष सरले की ते पुस्तक माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जाई. तिशी-चाळिशीत ‘मला एडीएचडी तर नाही ना?’ असे विचारत मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या माणसासाठी आज तोच पिवळा पडलेला कागद मोठा पुरावा ठरू शकतो, कारण हा विकार मोठेपणी अचानक उपटत नाही. त्याची मुळे बालपणात सापडावी लागतात. प्रौढांनी खासगी दवाखान्यातून करून घेतलेल्या एडीएचडीच्या निदानावर सध्या जो वाद चालतो, त्यात या कागदाची आठवण क्वचितच कोणाला येते. एक बाजू म्हणते, हे सगळे मोबाइलने लावलेले खूळ आहे. दुसरी म्हणते, माझे मला कळते, तुम्ही फक्त शिक्का मारा. दोघांनाही मधली तपासणी अनावश्यक वाटते, आणि घोटाळा नेमका तिथे आहे. निदान खासगी दवाखान्यात झाले की सरकारी, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या तपासणीतून ‘तुम्हाला हा विकार नाही’ असे उत्तर निघू शकते, तिच्यातून निघालेल्या ‘आहे’लाच किंमत असते.

अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांचा हा विकार. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या ‘डीएसएम-५’ या निकषग्रंथात अवधानाशी संबंधित नऊ आणि चंचलता-उतावळेपणाशी संबंधित नऊ लक्षणे दिली आहेत. वयाची सतरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीत यांपैकी एका गटातली किमान पाच लक्षणे दिसावी लागतात. पण ही झाली पहिली अट. त्यांतली काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. ती घर, कचेरी, मित्रमंडळी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. एकाच खडूस साहेबासमोर उडणारी धांदल त्यात धरत नाहीत. त्यांच्यापायी शिक्षण, नोकरी, संसार यांचे खरोखर नुकसान होत असले पाहिजे. शेवटची अट सर्वांत कष्टाची आहे. ही लक्षणे दुसऱ्या कुठल्या आजाराची तर नाहीत ना, याची खात्री करावी लागते. पाचांपैकी पहिली अट कागदावर खुणा करून पाच मिनिटांत तपासता येते. उरलेल्या चारांना वेळ लागतो, घरच्या कोणाची तरी साक्ष लागते आणि तज्ज्ञाचा तयार कान लागतो. मिनिटांवर पैसे मोजणाऱ्या व्यवस्थेचा कल पहिल्या अटीपाशी थांबण्याकडे असणार, हे उघड आहे.

ही पहिली अट चाचपण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि तिचा सहा प्रश्नांचा छोटा भाग मोबाइलवर सर्रास फिरतो. कामाचा अवघड भाग उरकल्यावर शेवटचे बारीकसारीक आवरताना किती वेळा अडते, ठरलेल्या भेटी किती वेळा विसरता, असे प्रश्न आणि समोर ‘कधीच नाही’पासून ‘फार वेळा’पर्यंत पाच चौकटी. दोन तासांचा लोकलचा प्रवास करून, जेवून, रात्री अकराला अंथरुणावर पडून ही प्रश्नावली भरणाऱ्या कोणाच्याही खुणा उजवीकडे सरकतील. दोष प्रश्नावलीचा नाही, ती चाळणी म्हणूनच केलेली आहे. तांदूळ चाळले तरी ताटात पसरून निवडावे लागतातच, कारण तांदळाएवढा खडा चाळणीला ओळखू येत नाही. निवडण्याने किती फरक पडतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. लहानपणी एडीएचडी नसलेल्या २३९ मुलांची साधारण दहाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत आठ वेळा तपासणी केली गेली. पुढे त्यांच्यातल्या ज्यांची लक्षणांची यादी भरली, त्यांच्याशी सविस्तर बोलून आणि आधीच्या नोंदी ताडून पाहिल्यावर सुमारे ९५ टक्के जण निदानातून बाद झाले. बहुतेकांच्या लक्षणांमागे नशापाणी किंवा दुसरा मानसिक आजार होता. ही मुले दवाखान्यात स्वतःहून आलेली नव्हती, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडच्या रुग्णांना लावता येणार नाही. पण चाळणीवर विसंबणाऱ्याच्या ताटात किती खडे उरू शकतात, एवढे त्यातून कळते.

खासगी निदानाचा वाद सर्वांत तापला तो ब्रिटनमध्ये, आणि तिथला अनुभव आपण नीट वाचायला हवा. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने २००८च्या मार्गदर्शिकेत प्रौढांच्या एडीएचडीला स्पष्ट मान्यता दिली. मागणी वाढली, सरकारी आरोग्यसेवेतली डॉक्टरांची संख्या मात्र त्या वेगाने वाढली नाही. मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये तपासणीच्या प्रतीक्षेत असलेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या घरात असावी, असा तिथल्या आरोग्यसेवेचाच अंदाज आहे. वर्षानुवर्षे रांगेत उभा राहिलेला माणूस पदरचे पैसे मोजून खासगी दवाखान्याकडे वळतो, यात आश्चर्य नाही. मे २०२३मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाचा बातमीदार ओळख लपवून तीन खासगी दवाखान्यांत व्हिडिओ कॉलवरून तपासून घेण्यास गेला. तिघांनीही त्याला एडीएचडी असल्याचे सांगितले. सरकारी सेवेतल्या तज्ज्ञाने मात्र तीन तास घेतले आणि विकार नसल्याचा निर्वाळा दिला. त्या कार्यक्रमावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. एका माणसाच्या अनुभवावरून साऱ्या खासगी क्षेत्राचे माप काढता येत नाही. शिवाय वर्षानुवर्षांची रांग, जिच्यामुळे हे दवाखाने फोफावले, तिच्याकडे कॅमेरा पुरेसा वळला नाही. खऱ्या रुग्णांना त्याचा फटका बसला. कष्टाने मिळवलेल्या निदानाकडे लोक संशयाने पाहू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हावी, तसा हा प्रकार. तरीही त्यातला एक धडा खोडून काढता येत नाही. तपासणीला दिलेला वेळ बदलला की उत्तर बदलू शकते.

इथे पहिला आक्षेप येतो. एवढा खटाटोप कशाला? थोडे विसरणे, थोडी टाळाटाळ, आरंभशूरपणा कोणात नसतो? स्वभावाला आजार म्हणायची ही नवी टूम आहे. या आक्षेपाचे उत्तर आकड्यांत आहे. आंतरराष्ट्रीय अभ्यासांची एकत्रित बेरीज-वजाबाकी केली, तर बालपणापासून चालत आलेली एडीएचडी प्रौढांपैकी सुमारे अडीच टक्क्यांत आढळते. म्हणजे ‘सर्वांनाच थोडी असते’ हे खोटे आणि ‘असे काही नसतेच’ हेही खोटे. हा विकार निरुपद्रवीही नाही. जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात निदान झालेल्या ३० हजार प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचे अपेक्षित आयुर्मान इतरांपेक्षा पुरुषांत सुमारे पावणेसात वर्षांनी आणि स्त्रियांत साडेआठ वर्षांहून अधिक कमी भरले. तिथे निदानापर्यंत पोहोचणारे प्रौढ थोडे आणि बहुधा अधिक त्रासात असलेले, म्हणून हा फरक फुगलेला असू शकतो, अशी सावधगिरी संशोधकांनी स्वतःच नोंदवली आहे. स्वीडनमधल्या जवळजवळ दीड लाख रुग्णांच्या २०२४च्या अभ्यासात निदानानंतर तीन महिन्यांत औषध सुरू केलेल्यांत दोन वर्षांत दर दहा हजारांमागे ३९ मृत्यू झाले, न केलेल्यांत ४८. फरक थोडका दिसतो, पण तो मुख्यतः अपघात, विषबाधा अशा टाळता येण्याजोग्या मरणांतला आहे. खूळ म्हणून झटकून टाकण्याची किंमत अशी मोजावी लागते. म्हणूनच खोटा ‘हो’ आणि खोटा ‘नाही’ या दोन्ही चुका महागाच्या आहेत, आणि दोन्ही टाळण्याचा रस्ता एकच, सावकाश केलेली तपासणी.

आता महाराष्ट्राकडे येऊ. ब्रिटनमध्ये रांग लांब आहे. आपल्याकडे रांगच दिसत नाही, कारण त्या नावाची खिडकीच सहसा नसते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची मनोरुग्णालये तीव्र आजारांच्या ओझ्याने वाकलेली आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत स्किझोफ्रेनियाचे, व्यसनाचे, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले रुग्ण बाकावर बसलेले असताना ‘माझी फाइल वेळेवर जात नाही’ म्हणणाऱ्याला तासभर देणे डॉक्टरला शक्यच नसते. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३च्या अहवालात नोंदवल्याप्रमाणे देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दाखवले, आणि त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेशही नव्हता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देते. हक्क कागदावर आहे, दवाखान्यात वेळ नाही. अशा स्थितीत ‘खासगीकडे कशाला गेलात?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे विहीर आटलेल्या गावात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्याला टोमणा मारणे आहे. आपल्याकडे प्रौढांचे निदान बहुतांशी खासगीच असणार. मग पाहायचे ते एवढेच, की टँकरमधले पाणी कसे आहे.

चांगली तपासणी ओळखता येते. ती मानसोपचारतज्ज्ञ करतो, किंवा भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखत घेतो आणि निर्णय मानसोपचारतज्ज्ञाबरोबर होतो. आठवड्याचा अभ्यासक्रम केलेल्या ‘कोच’ला ते काम नाही. मुलाखत शाळेपासून सुरू होते. गृहपाठ कोण करून घेई, डबा, पाणबाटली, छत्री किती हरवल्या, परीक्षेच्या आदल्या रात्रीखेरीज अभ्यास होई का, नोकऱ्या किती बदलल्या आणि का, विजेचे बिल पैसे असूनही थकते का. मग झोप विचारली जाते, कारण रात्री घोरून श्वास अडणाऱ्या माणसाचे दिवसा लक्ष लागत नाही. थायरॉइड, नैराश्य, चिंता, दारू पाहिली जाते. मधूनच चढणारा, आठवडाभर झोपेशिवाय चालणारा उत्साह येतो का, हे तर विचारावेच लागते, कारण द्विध्रुवीय विकार नजरेतून सुटला आणि उत्तेजक गोळी दिली, तर रोगापेक्षा इलाज भयंकर व्हायचा. औषध सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि वजन मोजले जाते. शेवटी रुग्णाच्या हाती लेखी अहवाल येतो. कोणता निकष कशाच्या आधारे मानला आणि कोणता आजार कशामुळे बाजूला ठेवला, हे त्यात लिहिलेले असते. नुसते ‘एडीएचडी – पॉझिटिव्ह’ लिहिलेली चिठ्ठी म्हणजे अहवाल नव्हे.

यावर दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तपासणीची पट्टी उंच केली की ती परवडणाऱ्यांपुरती उरते, आणि आधीच दुर्लक्षित असलेले पुन्हा बाहेर पडतात. हे खरे आहे, आणि गोष्ट केवळ पैशांची नाही. पुरावाही सर्वांकडे सारखा नसतो. बाकावरून उड्या मारणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लाल शेरा पडतो, पण खिडकीबाहेर बघत हरवून बसलेल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘शांत व आज्ञाधारक’ लिहिले जाते. म्हणूनच बालपणी मुलींची निदाने मुलांपेक्षा बरीच कमी होतात. घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्याची वही कोणी जपून ठेवलेली नसते. आई विचारल्यावर सांगते, ‘मुलगे असतातच तसे,’ आणि सून सासूला साक्षीला नेईल, ही अपेक्षाच चुकीची. पण या अडचणींवर उपाय घाईची तपासणी हा नाही. घाईचा डॉक्टर कागदावर जे आहे तेवढेच वाचतो, म्हणजे ‘शांत व आज्ञाधारक’ वाचून त्या बाईला परत पाठवतो. कागदामागचे माणूस वाचायला, मोठ्या बहिणीला फोन लावायला, शाळेतल्या मैत्रिणीला विचारायला वेळच लागतो. स्त्रियांना आणि गरिबांना सावकाश तपासणीची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे.

खर्चाचे म्हणाल, तर पैसा बहुधा भलतीकडे जातो. एडीएचडीचे निदान रक्ताच्या तपासणीतून, एमआरआयमधून किंवा ‘ब्रेन मॅपिंग’च्या रंगीत चित्रांतून होत नाही. संगणकावरच्या एकाग्रतेच्या चाचण्या फार तर जोडीला उपयोगी पडतात. रंगीत छापील अहवालाला पैसे द्यायला माणूस सहज तयार होतो, तासाभराच्या बोलण्याला मात्र ‘नुसते बोललेच तर’ म्हणून कुरकुरतो. ही आपलीही चूक आहे. बहुतेक आरोग्य विम्यांत बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च बसत नाही, त्यामुळे तो तास रुग्णाच्याच खिशातून जातो. त्यावर सरकारला फार मोठे काही उभारावे लागणार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मानसोपचार विभागांनी आठवड्यातली एक दुपार प्रौढांच्या या तपासणीसाठी राखली, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मुलाखती घेतल्या आणि वरिष्ठांनी निर्णय दिला, तर विद्यार्थ्यांचे शिक्षण होईल आणि खासगी दवाखान्यांसमोर एक माप उभे राहील. शेजारी खरा तराजू असला की मापात पाप करणे अवघड जाते.

कायद्याची एक गंमत इथे पाहण्यासारखी आहे. या विकारावरचे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध भारतात ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते. त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत केमिस्टला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी या यादीतली औषधे फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देण्यास मनाई केली आहे. अमेरिकेत जून २०२४मध्ये एका ऑनलाइन कंपनीच्या संस्थापिकेला अटक झाली, तेव्हा चार कोटींहून अधिक उत्तेजक गोळ्या वाटल्याचा आरोप तिथल्या न्याय खात्याने ठेवला होता. तसे इथे घडणे कठीण आहे, ही समाधानाची गोष्ट. ज्यांना ‘ही गोळी म्हणजे व्यसन’ अशी भीती वाटते, त्यांच्यासाठीही हे कुंपण पुरेसे बोलके आहे. पण आपण गोळीभोवती कुंपण घातले आणि निदान मोकळ्यावर सोडले. गोळीची चिठ्ठी दोन वर्षे जपायची, आणि ती ज्या निदानावर उभी आहे ते किती मिनिटांत झाले, याची नोंद कुठेच नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी प्रौढांच्या निदानाचा एक पानी किमान नमुना ठरवावा आणि त्यावर तपासणीला लागलेला वेळ लिहिण्याची प्रथा पाडावी.

शेवटचा आक्षेप घरातून येतो. चाळीस वर्षे निभावले, आता नाव कळून काय होणार? उलट कामचुकारपणाला सबब मिळेल. पण चाळीस वर्षे कोणी निभावले, हे पाहावे. शाळेत घंटा होती, घरी हाक मारणारी आई होती, वसतिगृहात खोलीतला मित्र होता. नोकरीत बढती मिळते, मूल होते, घरून काम सुरू होते, तेव्हा हे टेकू एकेक करून निघतात आणि भिंत कलते. भिंत आधीपासूनच तिरकी होती, हे कळले तर टेकू कुठे द्यायचा ते ठरवता येते. सबबीचे भय मात्र अगदीच खोटे नाही. ते खरे ठरते जिथे निदान स्वस्तात मिळते तिथे, कारण स्वस्त शिक्का कोणालाही मिरवता येतो. ज्याने दोन-तीन बैठका घालून स्वतःचे नुकसान तारीखवार सांगितले, त्याला सबबीपेक्षा कामाची यादी अधिक मिळालेली असते.

राखीव दुपार आणि एक पानी नमुना येतील तेव्हा येतील, तोवर तपासून घेऊ पाहणाऱ्याच्या हाती एक साधे हत्यार आहे. भेटीची वेळ ठरवताना फोनवरच विचारावे: ‘तुमच्याकडे याच शंकेने येणाऱ्यांपैकी काहींना हा विकार नाही, असेही निघते का? आणि तसे निघाले, तर पुढे काय करता?’ ‘काळजी करू नका, बहुतेकांना निघतोच,’ असे उत्तर आले, तर फोन ठेवावा. ‘बऱ्याच जणांना नसतो, मग आम्ही झोप पाहतो, थायरॉइड पाहतो, नैराश्य पाहतो, आणि येताना जुनी प्रगतिपुस्तके असली तर घेऊन या,’ असे उत्तर आले, तर तिथे जावे. तिथे ‘हो’ मिळाले तर ते आपले असेल, आणि ‘नाही’ मिळाले तरी आपण रिकाम्या हाताने परतणार नाही.